हेबरचे पाचशे वीस फोटो

जानेवारीतल्या त्या दुपारी मारेली जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली, ती आईचे फोटो लावून द्यायला. काम साधं होतं. दोन जुने फोन आणि बिस्किटांच्या डब्यातले छापील फोटो, सगळे मिळून चार हजारांच्या घरात. प्रत्येकाला तीन टॅग द्यायचे: कोण, कुठे, कधी. काचबिंदूने आईची, ओतिलियाची, नजर जवळजवळ गेलीच होती. उरल्यासुरल्या उजेडात तिला एकच गोष्ट पाहायची होती.

"मी 'हेबर' म्हटलं की सगळा हेबर आला पाहिजे," ती म्हणाली. "एकही मागे राहायला नको."

हेबर मारेलीचा मोठा भाऊ. अकरा वर्षांपूर्वी, एकोणिसाव्या वर्षी, गावाजवळून वाहणाऱ्या मागदालेना नदीच्या वरच्या अंगाला लाकडं भरण्याच्या कामावर गेला, तो परत आलाच नाही. मारेली परदेशात जुन्या नोंदी जपण्याचं शास्त्र शिकून आली होती, ती मनाशी एक गाठ बांधून: या गावातल्या हरवलेल्या प्रत्येक माणसाची चोख, खरी नोंद करायची. सुरुवात आपल्या घरापासून.

लॅपटॉप चेहरे ओळखून स्वतःच विचारायचा, 'ही तीच व्यक्ती आहे का?' आणि खाली 'हो', 'नाही'.

"आई, पुढचे दोन्ही दात पडलेत, हातात आंबा. हा हेबर की तुझा भाचा?"

"दात पडलेत आणि तरी तोंड मिटलेलं नाही ना? मग हेबरच."

दोघी हसल्या. असे दोनशे सात फोटो हेबरच्या नावावर लागले. मग आला तो कप्पा.

गावाच्या दफनभूमीत एक लांब भिंत होती. नदीतून वाहत आलेली, कुणाचीच नसलेली प्रेतं त्या भिंतीतल्या कप्प्यांत ठेवली जात. गावातलं कुणीतरी त्यातला एक मृत निवडायचं, कप्पा रंगवायचं, त्याला नाव द्यायचं, दर सोमवारी बोटांनी दार वाजवावं तसं गिलाव्यावर वाजवून पाण्याचा पेला ठेवायचं. ओतिलियाने सहा वर्षांपूर्वी एक निवडला होता. निळा रंगवला आणि त्यावर लिहिलं: हेबर. नजर अधू होत गेली तरी चाचपडत जायची आणि एक फोटो काढायची. तीनशे बारा फोटो, सगळे त्याच निळ्या कप्प्याचे.

"याला काय नाव देऊ?" मारेलीने विचारलं.

"विचारतेस काय? हेबर."

"आई, हा कुणीतरी दुसरा माणूस आहे. आपल्याला माहीतसुद्धा नाही कोण ते. दोघांना एकाच नावाखाली घातलं तर नोंद खोटी होईल."

"होऊ दे खोटी." ओतिलियाचा आवाज खाली आला. "खालच्या कुठल्याशा गावात एखादी बाई माझ्याला पाणी ठेवत असेल. ती त्याला काय हाक मारते, मला काय ठाऊक? मी तिच्याला नीट सांभाळते, ती माझ्याला सांभाळेल. एवढाच आधार आहे गं मला. तुझ्या पुस्तकात नसेल तो."

आई आत जाऊन आडवी झाली, तसे मारेलीने ते तीनशे बारा फोटो निवडले, 'हेबर' पुसलं आणि लिहिलं: 'नाव नाही'. भावावरच्या मायेपोटीच तिने ते केलं. त्याच्या नावावर परक्याचं मरण नको.

दुपारचे दोन. पंखा गरम हवाच ढवळत होता. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं.

टक्. टक्. टक्.

कुणीतरी गिलाव्यावर बोटांनी वाजवलं. दारावर नाही... भिंतीवर. मारेलीने मान वळवली. भिंत होती तशीच होती. पण ओल्या चुन्याचा वास यायला लागला होता, आणि त्यामागून नदीच्या गाळाचा.

तिने पडद्याकडे पाहिलं. 'नाव नाही': तीनशे तेरा.

नवा फोटो हेबरचाच होता, आंबा खाणारा. तिने त्याला परत त्याच्या नावावर ठेवलं. आकडा तीनशे वीस झाला. मग तीनशे एकेचाळीस. शाळेचा गणवेश, सायकल, आईच्या खांद्यावरची झोप... एकेक करून हेबर आपल्या नावातून बाहेर निघून चालला होता. तिने शोधायच्या चौकटीत 'हेबर' लिहिलं. काहीच सापडलं नाही.

"ओतिलिया! झोपलीयेस की मेलीयेस? आधी सांगत जा, माझ्याकडे जागा नाही हं अजून!" खिडकीच्या गजांशी दफनभूमीचा राखणदार नोर्बेर्तो उभा होता. मारेलीचा चेहरा पाहून त्याचं हसू विरलं. "तुझ्या आईला सांग पोरी... तिच्या कप्प्यावरचं नाव गळून पडलंय. आत्ताच. रंग तसाच आहे, शेजारचे कप्पे धड आहेत. फक्त अक्षरं..."

मारेलीने सगळे बिननावाचे फोटो एकत्र निवडले आणि लिहिलं: हेबर. सगळे. तोही आणि हाही.

वास ओसरला. आकडे शांत झाले. दोनशे सात आणि तीनशे बारा, पाचशे एकोणीस.

पडद्यावर पाचशे वीस होते.

शेवटचा फोटो आईने काढलेला नव्हता. हिरव्या रंगाचा कप्पा, वर लिहिलेलं 'अर्नुल्फो'. समोर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला. फोटोच्या कडेला एका बाईची सुरकुतलेली मूठ, वाजवण्यासाठी उचललेली. कधी: आज, दुपारचे दोन. कुठे: नदीच्या मुखाजवळचं एक गाव, मारेलीने कधी न ऐकलेलं. चेहरा कुठेच नव्हता. तरीही खाली प्रश्न होता: 'ही तीच व्यक्ती आहे का?'

मारेलीने 'नाही' दाबलं. प्रश्न परत आला. पुन्हा 'नाही'. तिसऱ्यांदा आला तेव्हा ती मूठ गिलाव्याला टेकलेली होती.

टक्.

"मारेली," आतून आई म्हणाली. झोपेतला आवाज नव्हता तो. "ती बाई वाजवतेय. किती वेळ उभी ठेवशील तिला? हो म्हण."

"आई... हो म्हटलं तर मग हेबर..."

"ठाऊक आहे मला."

खरी नोंद करायला आलेल्या मारेलीला आयुष्यात पहिल्यांदा खोटं लिहावंसं वाटलं. पण तिने 'हो' दाबलं, खरं होतं तेच.

आत पलंग करकरला आणि अकरा वर्षं अडवून ठेवलेलं रडणं हळूहळू, कुणाला जाग येऊ नये अशा बेताने, सुरू झालं.

"नाव काय ठेवलंय तिने त्याचं?"

"अर्नुल्फो."

"चांगलं आहे," ओतिलिया म्हणाली. "त्या नावाचा तिचाही कुणी हरवला असेल."

मारेली उठून आईकडे जायला निघाली. जाता जाता लॅपटॉप मिटायला हात घातला आणि तशीच थांबली.

फोटोतल्या पेल्यातलं पाणी अर्ध्यावर आलं होतं. आणि पातळी अजून खाली जात होती... घोटाघोटाने.