न थांबलेली होडी

सांगलीच्या कृष्णातीर विहारात आकाशपाळणा होता, पाण्यावर चालणारी सायकल होती, झाडांमधून जाणारा दोरपूल होता, आणि मृण्मयी आवटीने बनवलेल्या स्वयंतोल होड्या होत्या. तिच्या होडीत उभं राहून चहा प्या, थेंब सांडायचा नाही. मृण्मयीला त्याचा कोण अभिमान! आणि त्याच होड्या रविवारी बंद होणार होत्या.

कारण होतं दारावरची स्मृतिकमान. बाहेर पडणाऱ्याच्या मेंदूत कोणत्या खेळाची आठवण पक्की बसली ते ती वाचायची आणि त्या खेळाचा दिवा लावायची. होडीचा निळा दिवा आजवर एकदाही लागला नव्हता, आणि ज्याचा दिवा लागत नाही तो खेळ विहारात ठेवत नसत.

"सर, लोक हसत उतरतात. मग दिवा का लागत नाही?" कमान बनवणाऱ्या डॉ. ताहेर मुजावरांना तिने गाठलंच.

"मेंदू भारी कंजूष असतो, बाळ. ठरल्यासारखं घडलं की तो ते टाकून देतो. अंदाज चुकला की मात्र जपून ठेवतो. तुझ्या होडीत काही चुकतच नाही."

"मग काय बुडवू होड्या?"

"ते सूत्रधारावर सोड."

सूत्रधार म्हणजे विहार चालवणारा संगणक. मुजावरांनी त्याला एकच आज्ञा दिली: कुणाला धोका न होता होडी लक्षात राहील असं कर.

शनिवारी भरलेली होडी नदीच्या मधोमध थांबली. होडीत आधी आरडाओरडा झाला. मग इस्लामपूरच्या मालनमावशींनी पिशवीतली भडंगाची पुडी सोडून अनोळखी माणसांत वाटली आणि गाण्याच्या भेंड्या सुरू झाल्या. होडी आपसूक काठाला लागली, तेव्हा उतरायला कोणी तयार होईना. कमानीवर निळे दिवेच दिवे!

मृण्मयीने लगेच हुशारी केली. रविवारी धक्क्यावर फलक लागला: 'आमची होडी मध्येच थांबते. भडंग आमच्याकडून.' तोबा गर्दी झाली. मालनमावशी तर अख्खं माहेर घेऊन आल्या. निकाल द्यायला विहाराचे व्यवस्थापक कमानीपाशी उभे राहिले.

आणि होडी थांबलीच नाही. सुळकन गेली, सुळकन आली.

"हा काय चावटपणा?" मावशी कडाडल्या. "पुडी सोडतेय तोवर समोर काठ! भावजयांसमोर शोभा झाली माझी!"

मृण्मयी धक्क्यावरच्या मुजावरांकडे वळली. "संपलं, सर. सूत्रधार बिघडला."

"बिघडतोय कुठला?" मुजावर हसले. "आज सगळे थांबायच्याच तयारीने आले होते. त्यांचा अंदाज चुकवायला त्याने दुसरं काय करायचं?"

भांडतभांडतच मावशींचं माहेर कमानीखालून गेलं. एकूणएक दिवा निळा. व्यवस्थापक म्हणाले, "होड्या चालू राहू द्या."

मावशी मागे वळल्या. "पुढच्या रविवारी परत येते. बघतेच कशी थांबत नाही ते!"

मृण्मयीला हसू आवरेना. होडी पहिल्यांदा तरंगली तेव्हाही तिला एवढा आनंद झाला नव्हता. घरी जायला ती कमानीखालून निघाली, तर तिच्यासाठीही निळा दिवा लागला. होड्या आज बंद होणार, असं तिने अगदी पक्कं धरलं होतं ना!