टेग्वेन प्यू, गिरणी

“हा चहा म्हणून दिलाय की भांडी विसळून उरलेलं पाणी?” हेविन माझ्या कानाशी पुटपुटला.

“गप पी. प्रॉसर बाईंनी स्वतः घरून करून आणलाय.”

“म्हणूनच विचारतोय.”

पॉन्टहेस्गनच्या जुन्या माध्यमिक शाळेच्या वाचनालयात आम्ही चौघं बसलो होतो. शाळा बंद पडून नऊ वर्षं झाली होती. ‘बंद पडली’ म्हटलेलं कौन्सिलच्या प्रॉसर बाईंना चालत नसे. त्यांच्या भाषेत शाळा बंद पडत नाही, विलीन होते. डोंगरापलीकडच्या गावात काचेची नवी इमारत उभी राहिली, दोन खोऱ्यांतली मुलं तिच्यात ओतली आणि उद्घाटनाला सहाशे फुगे सोडले. त्यातले बरेच आमच्या कुरणांत उतरले. एक मेंढी फुगा खाऊन मेली. तेवढं एकच विलीनीकरण मी डोळ्यांनी पाहिलं.

आता जूनमध्ये जुनी इमारत पाडायची होती. त्याआधी निरोपाचा समारंभ करायचा आणि त्यात शाळेच्या इतिहासाची एक स्मरणिका काढायची, असं ठरलं होतं. तिचं नावही बाईंनी ठरवून टाकलं होतं: ‘वाटचाल एका मनोमिलनाची’.

लिहिणार मी. मी इथल्या स्वयंपाकघरात चोवीस वर्षं होते, विलीनीकरणानंतर नव्या शाळेच्या. माझं शिक्षण सोळाव्या वर्षी संपलं. पुढचं सगळं याच खोलीत, दुपारची भांडी आवरल्यावर, कपाटामागून कपाट वाचून झालं. समितीला त्याचं कौतुक होतं असं नाही, दुसरं कोणी तयार नव्हतं एवढंच. हेविन शाळेची बस चालवायचा आणि इमारतीची किल्ली त्याच्याकडे असायची, म्हणून तो समितीत. बेव्हन सर शेवटचे मुख्याध्यापक, म्हणून ते.

“पुढचा मुद्दा,” प्रॉसर बाई म्हणाल्या. “डिलिस प्यूचं पत्र.”

डिलिसचं मागणं एकच होतं. स्मरणिकेत शेवटच्या वर्षाची हजेरी छापणार, त्यात तिच्या मुलीचं नाव असावं. नुसतं नाव नको. ‘टेग्वेन प्यू, गिरणी’ असं.

आमच्या खोऱ्यात आडनावं मोजून सात. नावंही फार नाहीत. त्यामुळे माणूस ओळखायचा तो घरावरून. एकाच वर्गात टेग्वेन प्यू दोन होत्या, एकाच वयाच्या: एक वरच्या टेकडीवरची, एक नदीकाठच्या जुन्या गिरणीतली. बेव्हन सर हजेरी घेताना ओरडायचे, “टेग्वेन टेकडी!” उत्तर यायचं, “अमा!” “टेग्वेन गिरणी!” “अमा!” अमा म्हणजे हजर. पोरं शाळा सोडून गेली तरी त्यांची घरं नावामागून गेली नाहीत.

विलीनीकरणाच्या वेळी मुलांची नावं पाठवायला कौन्सिलचा एक तक्ता आला. त्यात घराचा रकाना नव्हता. या सरांनी शाळा वाचवायला थेट राजधानीत, कार्डिफपर्यंत मोर्चा नेला होता, पण रकाना नाही म्हणून घरं गाळून टाकली. नव्या कचेरीच्या संगणकाला एकच नाव दोनदा दिसलं. त्याने एक खोडलं.

शाळा सुरू होऊन तिसरा आठवडा. पाऊस पडून गेलेला. गिरणीवाली टेग्वेन बस पकडायला निघाली आणि ओढ्यावरच्या साकवावरून खाली खडकांत पडली. तेरा वर्षांची होती. मूल गैरहजर असलं तर साडेनऊच्या आत घरी फोन करायचा, असा नव्या शाळेचा नियम होता. फोन गेला नाही, कारण यादीतली टेग्वेन प्यू वर्गात बसलेली होती. डिलिसला कळलं ते संध्याकाळी, बसमधून लेक उतरली नाही तेव्हा. डॉक्टर म्हणाले, दुपारी दोनपर्यंत ती जिवंत असावी.

चौकशीत ‘अपघात’ लिहिलं गेलं. कौन्सिलने ‘तांत्रिक त्रुटी’ लिहिलं. गावाने काहीच लिहिलं नाही.

“टेग्वेन प्यूचं नाव आहेच की यादीत,” प्रॉसर बाई म्हणाल्या.

“ती टेकडीवाली,” मी म्हणाले.

“वाचणाऱ्याला काय कळतंय? दोनदा छापलं तर छपाईची चूक वाटेल. शिवाय असल्या पुस्तकात दुःखद गोष्टी शोभत नाहीत, मेरेरिड. काय, सर?”

सर चष्मा पुसत राहिले. हेविनने त्या चहाचा घोट घेतला, म्हणजे बघा. मी वहीत लिहिलं, ‘डिलिसचं पत्र: नाही.’ अक्षर छान आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेविनकडून किल्ली घेऊन मी एकटीच तिथे गेले. हस्तलिखित यादी जुन्या हजेरीपटाशी ताडून बघायची होती. वाचताना शब्द तोंडाने उच्चारायची मला सवय आहे. उशिरा वाचायला लागलेल्यांची ती खोड जात नाही.

“लेरी वॉट्किन. ऐर्लिस ह्यूज. टेग्वेन प्यू.”

“अमा.”

बारीक, थोडा कंटाळलेला आवाज. बराच वेळ आपल्या नावाची वाट बघत बसलेल्या मुलीचा असतो तसा.

मी उठून दार उघडलं. व्हरांड्यात कोणी नव्हतं. धुराड्यात कावळ्यांची घरटी आहेत, मला ठाऊक होतं. पाइपांत पाणी नऊ वर्षांत आलेलं नव्हतं. मी परत बसले आणि वाटाणे शिजले का बघताना एकेक दाणा चेपून बघते, तसं एकेक नाव घेऊन बघायचं ठरवलं. “ऐर्लिस ह्यूज.” काही नाही. “टेग्वेन प्यू, टेकडी.” काही नाही. “टेग्वेन प्यू.”

“अमा.”

‘गिरणी’ म्हणून हाक मारायची राहिली होती. ती मी मारली नाही. यादी पिशवीत घातली आणि घरी जाऊन बटाटे सोलले, लागणार होते त्याहून खूप जास्त.

पुढच्या बैठकीत छापखान्यातून आलेली यादी बेव्हन सर मोठ्याने वाचायला लागले. मी हेविनकडे बघत होते. सर टेग्वेनपाशी आले, आणि आवाज आला. या वेळी कपाटांच्या बाजूने.

हेविनचा बिस्किटाचा हात तोंडाशी थांबला. सरांचं बोट कागदावर तसंच राहिलं.

“प्रतिध्वनी,” प्रॉसर बाई म्हणाल्या. “रिकाम्या इमारतीत होतो.”

“बाई, सर ‘अमा’ म्हणालेच नाहीत. मग प्रतिध्वनी कशाचा?” हेविनने विचारलं.

“पुढचा मुद्दा. खाण्याचं.”

तव्यावरचे केक किती करायचे यावर आम्ही पाऊण तास बोललो. मनुका घालायच्या की नाहीत यावरून सर चक्क चिडले. चार मोठी माणसं, आणि मनुका.

समारंभ शनिवारी दुपारी होता. ऊन लख्ख. मोठ्या हॉलमध्ये ऐंशी-नव्वद माणसं जमली. टेकडीवाली टेग्वेन आली होती, आता बावीस वर्षांची, औषधांच्या दुकानात काम करते. डिलिस पहिल्या रांगेत एकटी बसली होती, मांडीवर पर्स. आल्याआल्या तिने स्मरणिका उघडली, हजेरीचं पान काढलं, बोट फिरवत खालपर्यंत गेली आणि पुस्तक मिटलं. माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. मी व्यासपीठावर बसले होते, कोटाला फूल लावून.

प्रॉसर बाई भाषणात चार वेळा ‘मनोमिलन’ म्हणाल्या. मग बेव्हन सर जुना हजेरीपट घेऊन उभे राहिले. शेवटची हजेरी. लोकांना मजा वाटत होती.

“लेरी वॉट्किन!”

“अमा!” पंचविशीतच टक्कल पडलेला लेरी ओरडला. “आणि गृहपाठ विसरलोय, सर!”

“सवयच आहे तुझी. ऐर्लिस ह्यूज!”

“अमा!”

सर थांबले. त्यांना ते नाव गाळता आलं असतं. गाळलेलं लोकांच्या ध्यानात आलं असतं, म्हणून त्यांनी गाळलं नाही. पटात पुढे लिहिलेलं घर मात्र गाळलं.

“टेग्वेन प्यू.”

टेकडीवालीने तोंड उघडलं. तिच्याआधीच आवाज आला, हॉलच्या मागून, रचून ठेवलेल्या खुर्च्यांकडून.

“अमा.”

तिने तोंड मिटलं. कोणी मागे वळून पाहिलं नाही. नव्वद माणसं आपापल्या बुटांकडे बघायला लागली.

सरांनी घाईने पुढचं नाव घेतलं. “गेथिन रीस.”

गेथिन उठायच्या आत, “अमा.” तोच आवाज.

“मोर्विड लॉईड.”

मोर्विड सातासमुद्रापार पॅटागोनियात राहते, समारंभाला आलीच नव्हती. “अमा.”

“रोन्वेन माडॉक.”

“अमा.”

आता ती सगळ्याच नावांना ओ देत होती. एखादं तरी आपलं असेल म्हणून.

सरांनी पट मिटला.

डिलिस उभी राहिली. तिने खुर्च्यांकडे बघितलं नाही, आमच्याकडे बघितलं.

“कधी कळलं तुम्हाला?”

काय कळलं, असं कोणी विचारलं नाही.

“डिलिस, अगं, आजच्या दिवशी हा विषय—” प्रॉसर बाई उठल्या.

“बसा हो तुम्ही.”

त्या बसल्या. कोणाच्या तरी बशीवर चमचा घसरला. नऊ वर्षं मी या गावाला मनातल्या मनात भित्रं म्हणत आले, सरांना, कौन्सिलला, सगळ्यांना. माझं नाव त्या यादीत मी कधी घातलं नव्हतं.

“बाराला,” मी म्हणाले. आवाज माझाच होता. “जेवणाच्या रांगेत ती नव्हती. मला दोघी ठाऊक होत्या. मी म्हटलं, सर्दी झाली असेल. वाढत राहिले.”

डिलिसने मान हलवली. वाट बघत राहिली.

“पावणेनऊला,” टेकडीवाली टेग्वेन बसल्या जागेवरून म्हणाली. “वर्गात. मी सांगितलं, आम्ही दोघी आहोत. शिक्षक म्हणाले, यादीत एकच आहे. मग मी खाली बसले, काकू.”

माझ्या शेजारी हेविन उठला. खुर्ची मागे पडली, ती त्याने उचलली नाही.

“सात वीसला. थांब्यावर नव्हती. वेळापत्रक नवीन होतं. मी मिनिटभरही थांबलो नाही.”

“सात वीस,” डिलिस म्हणाली.

मागच्या खुर्च्यांकडून, चूक दुरुस्त करावी तशा साध्या सुरात, कोणीतरी म्हणालं, “सात दहा, आई. पडले तेव्हा.”