भिंतीआडचा पत्ता

सासूबाईंचं नाक इतकं तिखट, की खोटं बोलणाऱ्याला त्यांच्यासमोर आपोआप शिंक यायची. गुप्तहेरगिरी हा त्यांचा धंदा. पिशवी धरून मागे चालणं हा जावईबापूंचा.

आज बाई धुमसत होत्या. नकाशे काढणारी एक मुलगी सकाळी दारात रडत आली होती. शाळेच्या इमारतीचे नकाशे सुट्टीच्या दिवशी कोणीतरी पुसले, आणि वास्तुकाराने तिला हाकलून गावभर बदनाम केलं. आता तिला कोणी दारात उभं करत नव्हतं. निघताना बाईंनी मुलीला विचारून जावईबापूंना त्यांच्या फोनमध्ये कसलासा आकडा भरायला लावला. का, हे विचारायची त्यांची छाती झाली नाही.

"पुरावा?" मुलीला घेऊन ऑफिसात शिरताच बाईंनी विचारलं.

वास्तुकाराने कागद पुढे केला. "पुसणाऱ्या कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता. १९२.१६८.१.७. माझ्या या भाच्याने हिच्या घरी जाऊन पाहिलं. लॅपटॉपवर हाच आकडा. घरूनही काम करते ना ही."

"पाहिलं कसलं? कितीतरी वेळ टाइप करत होता," मुलगी म्हणाली. "मी याने आखलेल्या शाळेच्या जिन्यातली चूक काढली. पोरांची डोकी आपटली असती. तेव्हापासून डूख धरलाय."

"तोंड सांभाळ," भाचा म्हणाला.

"सुट्टीच्या त्या दिवशी इथे कोण होतं?" बाईंनी त्याला विचारलं.

"चिटपाखरूही नाही. मामा परगावी, किल्ली फक्त माझ्याकडे."

"जावईबापू, सकाळी काय भरलंत?"

जावईबापूंनी फोन पाहिला आणि त्यांना घाम फुटला. "आई, १९२.१६८.१.७. म्हणजे चोर मी?"

"तेवढी अक्कल कुठली तुम्हाला? असला पत्ता भिंतीआडचा. घरोघरी तेच आकडे, हवा तो भरा. फायदा असा, की बाहेरचा थेट आत डोकावत नाही. तोटा असा, की उंबऱ्याबाहेर त्याला काडीची ओळख नाही. ही घरून इथल्या कॉम्प्युटरात शिरली असती, तर कागदावर तिच्या घराचा बाहेरचा पत्ता उमटला असता. हा आतला आहे. पुसणारा इथेच बसला होता."

"पण इथे तर कुलूप..." जावईबापू अडखळले, आणि हळूहळू भाच्याकडे वळले. "किल्ली यांच्याकडे."

"पोचलात एकदाचे. आधी पुसलं, मग तोच आकडा हिच्या लॅपटॉपवर भरून आला."

भाच्याला शिंक आली.

वास्तुकार खाली बघत म्हणाला, "घरचाच पोरगा आहे हो. हिला परत घेतो. इथेच मिटवू."

"चोर म्हणालात तेव्हा गावभर, आणि आता इथेच?" बाई भाच्याच्या खुर्चीत ठाण मांडून बसल्या. "ज्याला ज्याला सांगितलंत, त्याला फोन लावा. एकेकाला. मला घाई नाही."

मुलीने नाक पुसलं आणि पहिला नंबर सांगितला.