चॅलेंजरच्या खाचेतला लाल कण

"सुनीती, अश्वजितला चोर ठरवलंय," मैत्री फोनवर म्हणाली. "येशील का?"

सुनीतीने लॅपटॉप मिटला. सकाळपासूनची ही कितवी मीटिंग हे तिला सांगता आलं नसतं. कोरोनाचं दुसरं वर्ष लागलं होतं आणि घर, ऑफिस, मुलीची शाळा, सगळं त्याच एका जेवणाच्या टेबलावर येऊन पडलं होतं. जीव नुसता विटून गेला होता. पण मैत्री उगाच हाक मारणाऱ्यातली नव्हे. सुनीतीने मास्क घेतला आणि आइंडहोव्हनहून शेजारच्या टिलबर्ग शहराची गाडी पकडली. डब्यात तिच्याखेरीज कुणी नव्हतं.

सुनीतीचं काम तसं चमत्कारिक. चिप बनवणाऱ्या मशीनमध्ये डोळ्यांना दिसणारही नाही असा एखादा कण सापडतो आणि अख्खा विभाग वेठीला धरतो. तो कण आला कुठून, हे शोधायचं. त्यासाठी एक छोटं भिंग तिच्या पर्समध्ये कायम पडलेलं असे.

मैत्री आणि तिचा नवरा अश्वजित राहत होते त्या घराशेजारी योप नावाचा म्हातारा राहायचा. त्याच्या गॅरेजात १९७० सालची डॉज चॅलेंजर ही अमेरिकन मोटार उभी होती. जर्मनीतून मायदेशी परतणाऱ्या एका अमेरिकन सैनिकाकडून त्याने ती तरुणपणी घेतली होती. फार चालवली नाही, रंगवली नाही, एक स्क्रूही बदलला नाही. योप वृद्धाश्रमात गेला तेव्हा किल्ली अश्वजितच्या हातात ठेवून एवढंच म्हणाला, "जशी आहे तशी राहू दे." आता त्याची फुप्फुसं थकली होती, भेटी जवळपास बंद होत्या, आणि रोज संध्याकाळी फोन करून तो एकच विचारायचा: गाडी बरी आहे ना?

गेल्या तीन संध्याकाळी अश्वजितने तो फोन उचलला नव्हता.

सुनीती पोचली तेव्हा गॅरेजचं दार सताड उघडं होतं आणि आत सगळे एकमेकांपासून लांब लांब उभे होते. योपची मुलगी इंगे हाताची घडी घालून उभी होती.

"नेमकं काय झालं?" सुनीतीने विचारलं.

"विम्यासाठी तज्ज्ञ बोलावला होता," इंगे म्हणाली. "रंग कारखान्यातला, टायर कारखान्यातले, इंजिनाचे पट्टेसुद्धा. तो नुसता बघत बसला होता, बोलवेना त्याला. मग इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या कार्ब्युरेटरवरचा नंबर वाचला. तो नंतरच्या सालचा निघाला."

"पूर्वीच बदललेला नसेल?"

"उन्हाळ्यात मी स्वतः फोटो काढले होते. तेव्हा नंबर बरोबर होता. गॅरेजची किल्ली माझ्याकडे आहे आणि यांच्याकडे. शनिवारी मला वृद्धाश्रमात भेटायला सोडणार आहेत. बाबांना मी खोटं सांगणार नाही."

अश्वजित जमिनीकडे बघत उभा होता. दाढी वाढली होती, डोळे ओढलेले होते.

"उन्हाळ्यानंतर इथे कोण कोण आलं?" सुनीतीने त्याला विचारलं.

"मी. आणि नोव्हेंबरात रुचिर."

रुचिर जवळच्याच ब्रेडा शहरात असायचा. अमेरिकन गाड्यांचं त्याला वेड. त्याच्याकडेही याच सालची चॅलेंजर होती, पण नव्याने बांधलेली, चकचकीत.

"तू त्याच्याबरोबर होतास?"

"सुरुवातीला होतो. मग माझी मीटिंग लागली. त्याला म्हटलं, हवे तेवढे फोटो काढ."

"इंगेला हे सांगितलंस?"

"मित्रावर संशय घ्यायचा का सुनीती? माझ्यावर घेतलाय तेवढा पुरे की."

सुनीती बॉनेटखाली वाकली. आतल्या सगळ्यावर पन्नास वर्षांची एकसारखी धूळ बसली होती. कार्ब्युरेटरवरही धूळ होती, पण ती कुणीतरी बोटांनी फासल्यासारखी. भिंगातून पाहताना एका खाचेत, चिकट ग्रीसमध्ये रुतलेले लालसर कण दिसले.

"इंगे, हे काय असेल?"

इंगे जरा पुढे आली. "गंज असेल. नाहीतर रंग."

सुनीतीने पर्समधल्या चिमट्याने थोडे कण उचलून कागदावर घेतले आणि ती मैत्रीच्या स्वयंपाकघरात गेली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, खाली बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती.

"व्हिनेगर आहे का गं?"

"सॅलडवर घालायचंय?"

"हो, फारच भूक लागलीये."

मैत्री कितीतरी दिवसांनी हसली. व्हिनेगरचा थेंब पडला आणि लाल कण पिवळे झाले. सुनीतीने एक सुस्कारा टाकला. उत्तर मिळालं की तिला आनंद व्हायचा. आज झाला नाही.

तिने रुचिरला फोन लावला. अश्वजित अडचणीत आहे, तुझं मत हवंय, म्हणाली. तासाभरात तो आला. गॅरेजच्या दारातच थांबला.

"नंबर चुकीचाय म्हणे," तो म्हणाला. "अशा गाड्यांत होतं असं. म्हाताऱ्यानेच कधीतरी बदलला असेल."

"तू फोटो काढलेस तेव्हा लक्षात आलं नाही?"

"बाहेरूनच काढले मी. बॉनेटला हात नाही लावला."

"बरं. पण खाचेत काहीतरी लाल अडकलंय. ते काही कळत नाहीये."

रुचिर वाकून बघायलाही गेला नाही. "दसऱ्याचं कुंकू असेल. मैत्रीवहिनींनी पूजा केली असेल ना गाडीची."

सगळ्यांच्या नजरा मैत्रीकडे वळल्या. इंगेला मराठी कळत नव्हती, पण चेहरे कळत होते.

"आमच्याकडे दसऱ्याला गाडीची पूजा नसते, रुचिर," मैत्री शांतपणे म्हणाली. "तो आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. वंदना घेतो, खीर करतो. ती खीर तू दर वर्षी खाऊन जातोस. कशानिमित्त, ते कधी विचारलं नाहीस."

सुनीतीने हातातला कागद पुढे केला आणि इंगेसाठी इंग्रजीत सांगायला सुरुवात केली.

"हे गंज नाही आणि रंगही नाही. गंजावर किंवा गाडीच्या रंगावर व्हिनेगर टाकलं तर तो पिवळा होत नाही. कुंकू मात्र पिवळं होतं, कारण खरं कुंकू हळदीत चुना घालून केलेलं असतं आणि आंबटाने ती हळद परत पिवळी होते. आमच्यात दसऱ्याला वाहनाची पूजा करतात आणि इंजिनालाही कुंकू लावतात. पण या घरात करत नाहीत. म्हणजे हा कार्ब्युरेटर दुसऱ्या कुणाच्या तरी चॅलेंजरवरचा आहे, आणि तिची पूजा झालेली आहे." ती रुचिरकडे वळली. "वरून पुसलास. जुनी धूळही फासलीस. खाच राहिली. मी फक्त लाल म्हटलं होतं, कुंकू तू म्हणालास. आणि बॉनेटला हात न लावणाऱ्याला ते न बघताच कळलं. तुझ्या गाडीचं बॉनेट उघडूया का?"

रुचिर दाराच्या चौकटीला टेकला.

"नको," तो म्हणाला. "तोच आहे. माझ्या गाडीत सगळं नवं रे अश्वजित, सगळं पैशाने आणलेलं. आतलं एक तरी काहीतरी खरं असावं असं वाटलं. म्हातारा काही परत येत नाही, गाडी विकली जाईल, कुणाला कळणार? घरात एकटा बसून बसून डोकं फिरलं होतं."

"मला चोर म्हणत होते तेव्हा तुला कळलं होतं," अश्वजित म्हणाला. "मी फोन केला होता तुला. रडलो होतो."

रात्रीच्या संचारबंदीच्या आत रुचिरने मूळ कार्ब्युरेटर आणून पायरीवर ठेवला आणि आत न येता निघून गेला. त्याला कुणी थांबवलं नाही.

इंगे अश्वजितजवळ आली आणि मध्ये अंतर ठेवून थांबली. "मला माफ करा," म्हणाली. "मी तुम्हाला आधी विचारायला हवं होतं."

"परत बसवला की झालं ना पहिल्यासारखं?" मैत्रीने विचारलं.

अश्वजितने मान हलवली. "तो काढताना खालचं कारखान्यातलं पॅकिंग फाटलंय. ते पुन्हा मिळत नाही. मूळ ते एकदाच असतं."

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर योपचं नाव होतं. इंगे काहीतरी बोलायला गेली, पण अश्वजितने हात वर केला. त्याने फोन स्पीकरवर टाकला.

"अश्वजित? तीन दिवस उचलला नाहीस." मध्ये धाप. "गाडी बरी आहे ना?"

"नाही, योप," अश्वजित म्हणाला. "तुम्ही सांगितलं होतं तशी नाही राहिली. माझ्या विश्वासातल्या माणसाने एक भाग काढून नेला होता. तो परत आलाय. पण ती आता उघडली गेलीये. मला सांभाळता आली नाही."

पलीकडून ऑक्सिजनच्या यंत्राचा आवाज येत होता.

"म्हणजे संपलं ते," योप म्हणाला. "पन्नास वर्षं मी तिला पावसात नेली नाही. बायको म्हणायची, एकदा समुद्रावर जाऊ हिच्यातून. मी म्हणायचो, खराब होईल." पुन्हा धाप. "आता व्हायची ती खराब झाली. मग चालव की तिला. माझी खिडकी रस्त्याच्या बाजूला आहे."

अश्वजितने इंगेकडे पाहिलं. ती डोळे पुसत होती. तिने मान डोलावली आणि स्वतःजवळची गॅरेजची किल्ली काढून त्याच्यापुढे बॉनेटवर ठेवली.

"शनिवारी येतो," अश्वजित म्हणाला.

"पाऊस असला तरी ये," योप म्हणाला.