जपणुकीची चाचणी

टोचयंत्र बंद झालं तसं प्रयोगशाळेत सगळ्यांनाच चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं. गेली चार वर्षं ते यंत्र मिरजेच्या या इमारतीत दर दोन सेकंदांनी मोबाइलच्या चार्जिंगच्या भोकात पिन खुपसत होतं आणि बाहेर काढत होतं. रविवारी सुट्टी नाही, दिवाळीला नाही. आज बुधवारी दुपारी डॉ. हेमलता रणपिसे यांनी स्वतः त्याचं बटण दाबलं, कारण इतकी वर्षं ते त्यांना चुकीच्या प्रश्नाची बरोबर उत्तरं देत होतं.

समोरच्या स्टुलावर अन्वर बागवान बसले होते. बसस्थानकासमोर त्यांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. सत्तावीस वर्षांत त्यांनी इतकी ढिली, वाकलेली, कापसाने आणि पिठाने भरलेली भोकं पाहिली होती, की हेमलताबाई त्यांना या विषयात आपल्याहून मोठे तज्ज्ञ मानत. बाईंनी सांधधातू शोधला तेव्हा अन्वरभाईंचा धंदा बुडाला असं सगळा बाजार म्हणत होता. खुद्द अन्वरभाई मात्र पेढे घेऊन आले होते.

"पुन्हा एकदा सांगा मॅडम," ते म्हणाले. "भोक गेलं कुठं?"

"बुजलं."

"कचऱ्यानं?"

"कचरा असता तर तुम्ही टाचणीनं काढला असता. धातूनंच बुजवलं." हेमलताबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पिन आतबाहेर केली की भोकाच्या कडा झिजतात. जुने मोबाइल त्यामुळेच ढिले व्हायचे."

"आणि मग लोक वायरीला रबरबँड लावायचे, मोबाइल तिरका करून उशीला टेकवायचे. मला काय सांगता!"

"सांधधातूत आम्ही मागच्या बाजूला थोडा साठा ठेवला. किंचित ऊब मिळाली की साठ्यातले अणू सरकत पुढे येतात आणि झीज भरून काढतात. ऊब द्यायला अगदी थोडी वीज लागते. खाच दिसली की भरायची, एवढंच त्या धातूला कळतं."

"बरं मग?"

"मग खाच कुठली आणि भोक कुठलं, हे त्याला कोण सांगणार? त्याच्या लेखी भोक म्हणजे एक मोठी खाच. तो तीही भरायला बघतो. जो माणूस दिवसातून चार वेळा दणादणा पिन खुपसतो त्याची झीज आणि भरणं बरोबरीत सुटतं. त्याला आयुष्यात काही कळणार नाही. पण जो जपून वापरतो..."

"त्याचं तोंड आवळत जातं," अन्वरभाई म्हणाले.

"सहा कोटी वेळा टोचून बघितलं आम्ही. वापर तपासला. जपणूक तपासायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

हे ज्या गावात घडलं त्या गावात तरी ते डोक्यात यायला हवं होतं. इथे टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक पिवळं पडून आपोआप गळेपर्यंत कुणी काढत नाही. नव्या सोफ्यावर चादर, चादरीवर टॉवेल, आणि पाहुणे आले तर त्यांना खुर्ची. दीड महिन्यात ज्या एकोणीस तक्रारी आल्या होत्या, त्या सगळ्या अशाच घरांतून. निवृत्त मुख्याध्यापिका, देवळातले पुजारी, सतारीच्या तारा विकणारे एक आजोबा. सगळ्यांचं पालुपद एकच होतं, "अहो, आम्ही किती जपून वापरत होतो!"

आणि विसावी तक्रार हेमलताबाईंच्या घरची होती. ती त्यांनी कुठेच नोंदवली नव्हती.

त्यांचे यजमान भालचंद्रराव एसटीत उद्घोषक होते. मिरज-जत गाडी फलाट क्रमांक चारवर लागली आहे, हे वाक्य ते असं म्हणत की जतला काही काम नसलेली माणसंही पिशवी उचलत. घरी आले तरी त्यांचं बोलणं थांबत नसे. "अहो, जरा गप्प बसा की," हे हेमलताबाईंच्या संसारातलं सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य असावं. तीन वर्षांपूर्वी भालचंद्ररावांच्या घशात कर्करोग निघाला आणि स्वरयंत्र काढून टाकावं लागलं.

शस्त्रक्रियेच्या आधी पाच दिवस त्यांना एका खोलीत बसवून बोलतं ठेवलं होतं. गळ्याला लावलेली कंठपट्टी स्नायूंची हालचाल टिपत होती आणि शेजारचा मोबाइलएवढा स्वरसखा त्यांचा आवाज शिकत होता. आता ते नुसते ओठ आणि गळा हलवत आणि स्वरसखा त्यांच्याच आवाजात बोले. तोच हेल, तीच मिस्किली. शिकलेल्या आवाजाला स्वरठसा म्हणतात. आवाजचोरांनी मध्यंतरी धुमाकूळ घातल्यापासून कायदा कडक झाला होता. ठसा एकाच यंत्रात राहील, त्याची नक्कल निघणार नाही, यंत्र उघडलं तर तो पुसला जाईल, आणि नवा ठसा फक्त बोलत्या गळ्यावरूनच घेता येईल. भालचंद्ररावांच्या गळ्यात आता बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. स्थानकावरच्या जुन्या ध्वनिफिती होत्या, पण फलाट क्रमांक चार सांगणाऱ्या फितीला चहा मागता येत नाही.

स्वरसख्यात बिनतारी चार्जिंगची सोय नव्हती. सांधधातूचं भोक जन्मभर टिकणार म्हटल्यावर तिची गरज काय, असं कंपनीने ठरवलं होतं. हेमलताबाईंनी त्या भोकाला रबरी टोपण बसवलं, यंत्राला विणलेली पिशवी केली आणि तीन दिवसांतून एकदाच, स्वतःच्या हातांनी, अलगद पिन लावली. गेल्या शनिवारी ती आत जाईना. रविवारी अन्वरभाई घरी येऊन बघून गेले. कोरायला गेलं तर आतले सांधे तुटणार आणि यंत्र उघडलं असं समजून ठसा पुसणार. कायद्यातून सूट मिळावी म्हणून लगेच ऑनलाइन अर्ज केला तर सुनावणीची तारीख पंचेचाळीस दिवसांनंतरची मिळाली.

रविवारी संध्याकाळी यंत्राच्या पडद्यावर आकडा दिसत होता. बोलण्यासाठी शिल्लक वेळ, अकरा मिनिटं.

"केतकी येतेय गुरुवारी," हेमलताबाई म्हणाल्या होत्या. मुलगी ऑस्लोला होती, दोन वर्षांनी येत होती. "तिच्यासाठी ठेवू या."

"मग तोवर आपण दोघांनी काहीच बोलायचं नाही?" भालचंद्ररावांनी विचारलं.

"अहो, बोलू नका ना! बघा, सेकंद चाललेत. गुरुवारी बोला काय ते."

भालचंद्ररावांनी गळ्यावरची कंठपट्टी सोडली. हेमलताबाईंनी यंत्र पूर्ण बंद करून पिशवीत घातलं आणि पिशवी कपाटात ठेवली.

हे सगळं अन्वरभाईंना माहीत होतं, म्हणून ते आता जपून बोलत होते. तक्रारींतला एक मोबाइल त्यांनी टेबलावरून उचलला आणि सवयीने भोकाच्या जागेवरून अंगठा फिरवला. तिथे आता गुळगुळीत कड होती.

"हा चार्जिंगला होता काय?"

"चार्जिंगला कसा असेल? भोकच नाही. आठवडाभर बंद आहे तो."

"मग इथं कोमट का लागतंय?"

"उन्हात असेल."

"ऊन तिकडं पडलंय मॅडम. आणि बाकीचा मोबाइल गार हाय. हात लावून बघा की."

हेमलताबाईंनी हात लावला. मग तापमापक लावला. मग चष्मा शोधायला लागल्या, तो टेबलावर समोरच होता.

"काय झालं?"

"ऊब," त्या म्हणाल्या. "अणू सरकायला ऊब लागते. भोक वरून बुजलंय, आत अजून भरतंय. बंद मोबाइलला ऊब कोण देणार?"

अन्वरभाईंना कळायला वेळ लागला नाही. "बॅटरी."

साडेतीन वर्षांपूर्वी सांधधातूची भोकं बनवणाऱ्या कंपनीने हेमलताबाईंना एक प्रश्न पाठवला होता. सांधण्याचं काम फक्त चार्जिंग चालू असताना व्हावं, की यंत्र बंद असतानाही बॅटरीतून थोडी वीज घेऊन चालू राहावं? हेमलताबाईंनी उत्तर दिलं होतं, बंद असतानाही चालू ठेवावं, विश्रांतीत जास्त चांगलं भरतं. वीज इतकी नगण्य लागत होती की त्यांनी त्याचा दुसऱ्यांदा विचार केला नाही. पण भोक जितकं लहान होत जातं तितका धातू त्याला जोराने मिटवतो, हे त्यांनी स्वतःच सिद्ध केलेलं सूत्र होतं. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडले. अकरा मिनिटं बोलायला पुरेल एवढी वीज त्या अवस्थेतलं भोक किती काळात खाईल? उत्तर दोन दिवस आलं. त्यांनी पुन्हा मांडून पाहिलं. रविवार संध्याकाळपासून बुधवार दुपारपर्यंत तीन दिवस होत आले होते.

"अन्वरभाई, स्कूटर आहे ना?"

ब्राह्मणपुरीतल्या घराच्या गॅलरीत भालचंद्रराव मटार सोलत बसले होते, उद्या केतकीला उसळ हवी म्हणून. बायकोला अवेळी आलेली पाहून त्यांनी भुवया उंचावल्या. हेमलताबाई चपला न काढताच आत गेल्या, कपाट उघडलं, पिशवीची गाठ सुटेना तेव्हा दातांनी सोडली आणि यंत्राचं बटण दाबलं. पडदा काळाच राहिला. त्यांनी पुन्हा दाबलं, जास्त वेळ दाबून धरलं. अन्वरभाई दारातच उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी हजारो लोकांना असं बटण दाबताना पाहिलं होतं, आणि प्रत्येक वेळी "बघू" तरी म्हटलं होतं. आज त्यांना तेही म्हणवेना.

भालचंद्रराव पंच्याला हात पुसत आत आले. त्यांनी बायकोच्या हातातून यंत्र घेतलं, स्वतः एकदा बटण दाबून पाहिलं आणि ते जपून टेबलावर ठेवलं. भोक होतं ती जागा शोधूनही सापडली नसती, इतकी ती छान सांधली होती.

"धातू खात होता वीज," हेमलताबाई म्हणाल्या. "बंद असतानाही. मीच तसं सांगितलं होतं त्यांना. आणि रविवारीच माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी वाचवत होते हो. तुमच्याच बोलण्यासाठी वाचवत होते." त्यांना रडू फुटलं, आणि ते त्यांनी आवरलंही नाही.

भालचंद्ररावांनी त्यांना खुर्चीवर बसवलं. मग वाण्याच्या यादीची वही आणि पेन्सिल ओढून घेतली आणि लिहिलं, "किती वेळ होता?"

"अकरा मिनिटं."

त्यांनी सवयीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. गळा हलत होता, ओठही हलत होते, पण खोलीत कसलाच आवाज येत नव्हता. मग त्यांनी खाली वाकून लिहिलं आणि वही बायकोकडे फिरवली.

"पुष्कळ होती गं."