इस्त्री केलेला सूर

या मंडळी, जरा पुढे सरकून बसा. गोष्ट पोथीतली नाही, पण डोळे मिटून ऐकावी अशी आहे.

मुलगी गाणारी. घरात धाकटी, म्हणून आपणही तिला धाकटीच म्हणू. पहिलंवहिलं गाणं रेकॉर्ड करून ती पाणी शोधत बाहेर आली आणि एका अर्धवट उघड्या दारापाशी थबकली. आत तिचाच आवाज... तीच ओळ, पुन्हा पुन्हा.

"माझी टिंगल चाललीय का?"

खुर्चीतला तरुण दचकला. "टिंगलच करायची असती, तर एकदा ऐकून भागलं असतं हो!"

सगळे त्याला इस्त्रीवाला म्हणत. गाणाऱ्यांचे हललेले सूर संगणकावर सरळ करायचे, हा त्याचा धंदा. पडद्यावर तिच्या आवाजाची रेघ वळणं घेत वर चढत होती.

"इथे बघा — वरच्या सुरावर जाताना तुम्ही जराशा खाली रेंगाळता. दारात चपला काढाव्यात तशा. मग आत येता."

"मग काय, चपलांसकट शिरू?"

तो हसला. तिने हसू ओठांत दाबलं... ते डोळ्यांतून निसटलंच.

मग चहा झाला. एका छत्रीतून, एकेक खांदा भिजवत बसथांब्यापर्यंत जाणं झालं. तिथेच तिने सांगितलं, आईची स्मरणशक्ती विरत चाललीय. चेहरे गेले, आवाज तेवढा उरलाय. "मी फोनवर गायले की म्हणते, माझी पोर! आता ताई हे गाणं तिला हवं तेव्हा लावून देईल."

झालं! पठ्ठ्याने कामात जीव ओतला. तिच्या एकाही सुराला कुणी नाव ठेवू नये, म्हणून थरथर पुसली, रेंगाळणं पुसलं... त्याला स्वतःला आवडलेलं, तेसुद्धा. मायेनेच पुसलं हो.

गाणं गाजलं. ताईने ते आईच्या उशाशी लावलं. "माझी पोर गातेय!" आई खुलून जायची. इकडे धाकटीच्या मागे कार्यक्रम लागले, तिचे फोन कमी झाले. गाणं मात्र रोज वाजत राहिलं.

पुढे दोघं लग्नाचं बोलायला घरी गेली. ताईने दारातच त्याला न्याहाळलं. "इस्त्रीवाले ना तुम्ही? मग शर्ट असा चुरगळलेला कसा?"

हसत हसतच धाकटी आत शिरली. "आई, मी आले."

आईची नजर कोरी. मग धाकटीने तेच गाणं गायला घेतलं. वरच्या सुराशी गळा थरथरला, रेंगाळला, पोचला.

आईने तिच्या गालावरून हात फिरवला. "गोड गातेस गं. कुणाची तू? पण माझ्या पोरीसारखं नाही हो... तिचा सूर असा हलत नाही."

"आई, अगं मीच—"

"लावा गं कुणीतरी. हिलाही ऐकू दे माझी पोर."

ताईने नाइलाजाने गाणं लावलं. आई डोळे मिटून डोलू लागली. धाकटी शेजारी बसून ऐकत राहिली, परक्या मुलीचं गाणं ऐकावं तशी.

बाहेर पायरीवर तो म्हणाला, "तुमचा मूळ आवाज जपून ठेवलाय मी. तो लावून बघू—"

"तोच तर आत्ता गायले ना मी."

तो चुरगळलेली बाही सरळ करू लागला. मग हळूच, "कुणी तुम्हाला हसू नये, एवढंच वाटलं होतं..."

"ठाऊक आहे. म्हणून तर धड रागावताही येत नाही." तिने त्याचा हात धरला. "मी इथेच राहते. रोज तिच्याजवळ बसून गाईन. ओळखलं तर ओळखलं. तुम्ही जा."

"वाट बघू?"

"नका बघू," ती म्हणाली... आणि हात काही तिला सोडवेना.

आई गेली, तेव्हा धाकटीचाच हात हातात होता. "ही पोरगी फार जीव लावते हो," असं ती शेवटपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

देवापुढे हात जोडाल, तेव्हा या लेकीची आठवण ठेवा. आणि जमलं तर त्याचीही. मायेपोटी चुकलेल्या माणसासाठी देवाकडे कुणी काही मागत नाही हो.