हौदाशेजारचं फूल

सोलापुरात नळाला पाच दिवसांआड पाणी येत होतं. वैशाखाच्या उन्हात देवयानीबाईंच्या बागेतल्या मोगऱ्यानंही मान टाकली होती; पण रिकाम्या हौदाशेजारी एक अनोळखी झुडूप मात्र टवटवीत फुललं होतं.

"म्या न्हाय लावलं, बाई," माळी कल्लप्पा म्हणाला. "पाणी बी न्हाय घातलं. आमच्या कुंभारीत एका विहिरीच्या कडंला असलं व्हतं."

"गवत असेल."

"गवताला कुटं असली फुलं येत्यात? कालेजात झाडंच शिकवत व्हता की तुमी!"

राखी निळ्या पाच पाकळ्या, सात पुंकेसर. बाईंनी कपाटातले तिन्ही संदर्भग्रंथ चाळले. कुठल्याच वर्णनात ते बसेना. म्हणजे नोंदच नसलेली वनस्पती. तीस वर्षं शिकवूनही शास्त्रात त्यांच्या नावावर एक ओळ नव्हती. ती आता लागणार होती.

फूल मात्र त्यांनी पूर्वी पाहिलं होतं. बावीस वर्षांपूर्वी कुंभारीची रेश्मा ते जेवणाच्या डब्यातून वर्गात घेऊन आली होती. 'माहीत नाही' म्हणणं बाईंच्या जिवावर यायचं. "गवत आहे. म्हशीला घाल," त्या म्हणाल्या. वर्ग हसला. रेश्मा पुन्हा कॉलेजात आली नाही. परीक्षेआधी विहिरीत सापडली, एवढं कानावर आलं.

बाईंनी एक फांदी वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून दोन फळ्यांमध्ये आवळली. नमुना वाळेपर्यंत कागद रोज बदलायचे. अशा उन्हात तीन दिवस पुरतात. हे फूल वाळेना. रोज सकाळी कागद चिंब.

सातव्या दिवशी ते कागद उचलताना कल्लप्पानं वास घेतला.

"बाई, विहिरीचं पाणी हाय हे."

"तुम्ही तुमचं काम बघा."

संध्याकाळी त्यांनी नमुन्याची चिठ्ठी भरली. स्थळ. तारीख. 'प्रथम कोणाला आढळली' इथे पेन थांबलं. रेश्माचं आडनाव त्यांना आठवत होतं. हजेरीत रोज घेतलेलं.

त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं.

सकाळी फळ्या सोडल्या. कागद कोरडा. फूल कुरकुरीत वाळलेलं, रंग जसाच्या तसा.

बाई समाधानानं वाकल्या.

त्यांची वेणी खांद्यावरून पुढे आली. तिच्या टोकातून एक थेंब चिठ्ठीवर पडला. मग दुसरा.

शेवाळाचा वास आला.

नळाला पाणी यायला अजून दोन दिवस होते.